४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? तिचे गुणधर्म काय?

नाही. ६४१ ने निःशेष भाग जातो, भागाकार ६७००४१७. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण या संख्येपायी मी शाळेत बोलणी खाल्ली आहेत.

दहावीत सरांनी फळ्यावर ३, ५, १७, २५७, ६५५३७ (२ चे १, २, ४, ८, १६ वे घात अधिक १) लिहिलं आणि शेवटी ही दहा आकडी. "२ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा म्हणाला या सगळ्या मूळ, म्हणजे मूळ." फर्मा म्हणजे सतराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती, पण सरांचं ते 'म्हणजे' मला खटकलं. घरी रफ वहीत ३, ७, ११, १३ असे भागाकार सुरू केले. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, तेव्हा किती पानं गेली असतील ते बघा. ६४१ ने भागताना पहिल्या आकड्यानंतर ४४८९ मधून ४४८७ गेले, उरले २. मग ६ उतरवला, २६. ७ उतरवला, २६७. दोन्ही वेळा भाग जात नाही, म्हणून वर दोन शून्यं. शेवटी पुन्हा ४४८७ आले आणि बाकी शून्य!

दुसऱ्या दिवशी सरांनी ती दोन शून्यं पाहिली, "आकडे उतरवताना गडबड केलीस" म्हणाले आणि वही मिटून परत दिली. "फर्मा चुकला आणि तू बरोबर?" वर्ग हसला. अहो, उलटा गुणाकार करायला दोन मिनिटं लागतात!

ऑयलर या गणितज्ञाने हे १७३२ मध्येच दाखवलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तोही माझ्यासारखा रखडला नव्हता. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येतो, म्हणून तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या फटक्यात काम फत्ते. माझी वही आठवून रडूच आलं.

बाकी गुणधर्म: विभाजक चारच. दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येते, ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². गंमत म्हणजे २ हा पाया घेऊन फर्माचीच मूळपणाची कसोटी लावली (२ चा, संख्येपेक्षा एकने कमी असलेला घात घेऊन त्याला संख्येने भागलं की बाकी १ उरते का), तर ही संख्या पास होते. तेव्हा कसोटीत पास झाली म्हणून मूळ, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नाव कितीही मोठं असो, भाग घालून बघा. तुमच्याही सरांनी मूळ म्हटलं असेल, तर फळ्यावर ६४१ चा गुणाकार सगळ्यांसमोर करून दाखवा. मी दाखवला नाही, ते अजून सलतं.

हां, पहिल्या पाच मात्र खरंच मूळ आहेत, तेवढं सरांचं बरोबर होतं. आणि ६७००४१७ ही मूळच आहे, पण ते मी तेव्हा तपासलं नव्हतं. सरांनी तेवढंच विचारलं असतं तर मी गप्प बसले असते.