ताई, आधी एमआरआय काढू का?

कापसाची वेचणी जोरात होती, तेव्हा आर्वीकडच्या दोघी बहिणी भेटायला आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मोठी चाळिशीच्या आतली. पोळ्याच्या सुमारास आंघोळ करताना तिच्या उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, आणि आपल्या बायका नेमक्या दुखण्याची वाट पाहतात.

जिल्ह्याच्या दवाखान्यात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी झाली होती. डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगितलं, तिथेच गाडी अडली. "भाचा म्हणते, सुई नको, एमआरआय काढ, त्यात सारं दिसते. कापूस इकला का मंग काढतो. सुई लावली का पसरते म्हणते ना?"

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. सुईने कॅन्सर वाढत नाही. गाठ कसली आहे हे ठरतं ते सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. एमआरआय कितीही चांगला निघाला तरी तो तुकड्याची जागा घेत नाही. आणि कापूस विकेपर्यंत थांबायला गाठ थांबणार नव्हती.

मी तिला एमआरआय कसा असतो ते सांगितलं. मोठ्या चुंबकाच्या यंत्राने शरीराच्या आतलं चित्र काढतात. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढायच्या. पालथं झोपायचं, दोन्ही स्तन खालच्या खोलगट जागेत येतात. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. कॅन्सरच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, म्हणून ती हे औषध भराभर ओढते आणि चित्रात उठून दिसते. यंत्र ठणाठणा वाजतं, अर्धा-पाऊण तास हलायचं नाही. क्ष-किरण मात्र यात नसतात. पेसमेकर असेल, किडनी कमजोर असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगायचं.

एवढं संवेदनशील यंत्र साध्या गाठीवरही बोट ठेवतं. मग पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा सुई, पुन्हा झोप उडालेली. उलट कधीकधी कॅन्सरची पहिली खूण असणारे कॅल्शियमचे बारीक कण मॅमोग्राफीत जास्त नीट दिसतात. म्हणून एमआरआय सगळ्यांना सरसकट काढत नाहीत. रोग किती पसरलाय, केमोने गाठ किती आटली, काखेत गाठ आहे पण स्तनात काहीच सापडत नाही, अशा वेळी त्याचा खरा उपयोग होतो.

बोलता बोलता धाकटी म्हणाली, "मायले बी हेच झालं होतं. मावशीले बी." दोघीही पन्नाशीच्या आत गेलेल्या.

इथे माझा कान टवकारला. ज्या धाकटीला गाठ नव्हती, एमआरआयचा विचार तिच्यासाठी करायला हवा होता. बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 या जनुकांत (यांतला बिघाड घराण्यात उतरतो आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो) बिघाड असलेल्या, किंवा आयुष्यभराचा धोका 20 ते 25 टक्क्यांच्या वर असलेल्या बायकांना मॅमोग्राफीच्या जोडीला दरवर्षी एमआरआय करावा, असं अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 2007 मध्ये सांगितलं. तरुण वयात स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपते, एमआरआयमध्ये सापडते. पाळी चालू असेल तर सातव्या ते चौदाव्या दिवसांत काढलेला बरा, कारण नाहीतर साधा भागही संशयास्पद वाटतो.

मोठीची बायोप्सी त्याच आठवड्यात झाली. कॅन्सरच निघाला. ती रडली नाही, आधी पैशाचं विचारलं. दवाखान्यात सरकारी योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राशी भेट घालून दिली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून तिची केमो सुरू झाली.

जनुकाची तपासणीही आधी मोठीची करायची ठरली, कारण बिघाड शोधायचा तो आजार झालेल्या माणसात. तिच्यात सापडला, तर धाकटीची नेमकी त्याच बिघाडाची तपासणी होईल. धाकटीत नसेल तर दरवर्षीच्या एमआरआयचा खर्च आणि घोर दोन्ही टळतील. असेल तर एमआरआय काढायलाच हवा, त्यासाठी वाटेल तो खटाटोप मी करेन. मोठीत काहीच सापडलं नाही, तरी माय-मावशीचा इतिहास धरून धाकटीचा धोका डॉक्टर मोजतील.

अहवाल यायचा आहे. तोवर धाकटीची हाताने तपासणी आणि मॅमोग्राफी करून घेतली आहे, आणि बदल दिसला तर पोळा, दिवाळी न पाहता यायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.