‘बिहूव्ह’ला ‘मी’ चालत नाही

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अर्जाचा मसुदा वाचला. मजकूर बरा आहे, पण शेवटचं वाक्य आधी काढ: ‘आय बिहूव्ह यू टू रिकन्सिडर’. तुला विनवणी करायची होती, त्यासाठी ‘बिसीच’ आहे. दोन्ही शब्द ‘बि’ने सुरू होणारे, दोन्ही जुन्या थाटाचे, त्यामुळे गल्लत होते.

‘बिहूव्ह’ला आज माणूस कर्ता म्हणून चालत नाही. आधी ‘इट’, मग क्रियापद, मग ते ज्याला लागू होतं तो माणूस: ‘इट बिहूव्ज अस टू चेक द फॅक्ट्स’. म्हणजे खातरजमा करून घेणं आपल्या हिताचं, किंबहुना आपलं कर्तव्यच.

ही रचना मराठी माणसाला तरी परकी वाटू नये. ‘मला आवडतं’, ‘तुला जायला हवं’, ‘त्याला शोभत नाही’: सगळीकडे माणूस आपला ‘ला’ लावून बाजूला बसलेला. जुन्या इंग्रजीत अशी क्रियापदं बरीच होती. ‘लाइक’ही त्यातलंच. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला राजा ‘इट लाइक्स अस वेल’ म्हणतो, म्हणजे ‘हे आम्हाला आवडलं’. थेट मराठीच की! पुढे ‘लाइक’ने ‘आय’ला कर्त्याच्या जागी बसवलं, ‘बिहूव्ह’ जुन्या वळणावरच राहिलं.

मात्र ‘शोभणे’ हा एकच प्रतिशब्द धरून बसू नकोस. नकारात तो चपखल बसतो: ‘इट इल बिहूव्ज अ जज टू टेक साइड्स’, न्यायाधीशाला पक्षपात शोभत नाही. होकारात हित आणि कर्तव्याकडे झुकाव जास्त. याच घराण्यातलं ‘बिहूफ’ हे नाम, त्याचा अर्थच हित, लाभ.

ब्रिटिश लोक एकच ‘ओ’ लिहितात आणि ‘बिहोव्ह’ म्हणतात, अमेरिकन दोन ‘ओ’ लिहितात. कुठलंही एक धर.

खरी जपण्याची गोष्ट सूर. या शब्दाला उपदेशाचा वास आहे. वरिष्ठांना ‘इट बिहूव्ज यू’ लिहिलंस तर व्याकरण बिनचूक आणि पत्र उद्धट. ‘अस’ लिहिलं की तीच धार बोथट होते, कारण लिहिणाराही त्यात येतो. लेखात, भाषणात खुशाल वापर. अर्जात ‘आय रिक्वेस्ट यू’ पुरे.

दुरुस्त मसुदा पाठव. ‘काइंडली’ दोनदा आलंय, त्यातलं एक खोड.

तुझा,
काका