हिमाचलची सफरचंदाची झोपलेली रोपं निम्म्या किमतीत मिळतायत, देवगडला लावू का?

तुम्ही लिहिलंय की सफरचंद, प्लम आणि नाशपातीची पानं झडलेली, उघड्या मुळांची रोपं फेब्रुवारीअखेर निम्म्या किमतीत मिळतायत आणि देवगडला खड्डे तयार आहेत. माझं ऐकाल तर त्या खड्ड्यांत ही रोपं लावू नका. रोपं वाईट नसतात, पण आपल्या किनाऱ्यावर ती फळावर येणार नाहीत.

नोकरीमुळे मी बरीच वर्षं कुलूकडे होतो. मोसमाच्या शेवटी उरलेली अशी रोपं तिथे हौसेने घेऊन लावली आणि त्यांची फळंही खाल्ली. ही रोपं हिवाळ्यातल्या झोपेत असतानाच उपटून विकावी लागतात. फांदीवरचे डोळे, म्हणजे नव्या पालवीच्या कळ्या, फुगायला लागले की उरलेल्या मालाला गिऱ्हाईक नाही, म्हणून भाव पडतो. घेताना नखाने साल जराशी खरवडायची. आत ओलसर हिरवं दिसलं की रोप जिवंत. कलमाच्या सांध्याच्या वर कुठेच हिरवं नसेल तर सोडून द्यायचं, कारण नंतर खालून जे फुटेल तो नुसता खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते मूळ झाड. लावण्याआधी मुळं काही तास पाण्यात ठेवायची, सांधा मातीच्या वर राहू द्यायचा. तिथे मार्च-एप्रिलमध्येही हवा गार असते, त्यामुळे पानं फुटेपर्यंत मुळांना जम बसवायला सवड मिळते.

आपल्याकडे अडतं ते थंडीपाशी. हापूसवाल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: रात्री गार पडल्या नाहीत की मोहोर रखडतो आणि नुसती पालवी येते. सफरचंदाची मागणी त्याच्या कितीतरी पुढची. त्याचे डोळे उघडायला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते, त्यासाठी साधारण ० ते ७ अंशांमधले तास मोजतात. 'रॉयल डिलिशस' जातीला असे हजारभर तास लागतात, 'ॲना'सारख्या कमी थंडीच्या जातीलाही दोन-तीनशे. रत्नागिरीत जानेवारीतलं सरासरी किमान तापमानच १८-१९ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे आपल्या खात्यावर एक तासही जमा होत नाही.

फसगत होते ती पहिल्या वर्षी. रोप हिमाचलातून थंडीची शिदोरी घेऊन आलेलं असतं, त्यामुळे इथे आल्यावर झकास फुटतं. फोटो काढले जातात, शेजारीही मागवतात. ती शिदोरी संपली की पुढच्या वर्षी झाड अडून बसतं. राजापूरकडे एका परसात मी असं झाड बघितलंय: फांदीच्या टोकाला पानांचा झुपका आणि त्याखाली हातभर नुसती काठी, सगळे डोळे मिटलेले. त्यात आपला पाऊस, भिजलेली मुळं आणि पानांवरचे डाग.

'एचआरएमएन-९९'चं नाव तुम्ही ऐकलं असेल. बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेली ही कमी थंडीत येणारी सफरचंदाची जात खरोखर मोलाची आहे. पण बिलासपूर म्हणजे हिमाचलचा खालचा भाग असला तरी तिथल्या हिवाळ्यातल्या रात्री देवगडपेक्षा पुष्कळ थंड. इंडोनेशियात बातू गावाकडे हाताने पानं ओरबाडून सफरचंदाला फुलवतात, हेही खरं. ते गाव मात्र डोंगरात, उंचावर आहे. अगदीच हौस असेल तर 'ॲना' आणि तिच्या परागासाठी 'डॉर्सेट गोल्डन' अशी दोन रोपं मोठ्या कुंड्यांत लावा, पण फळाची आशा धरू नका.

स्वस्तातच घ्यायची तर गणपती झाल्यावर आपल्याच रोपवाटिकांत चक्कर मारा. पावसाळी लागवड उरकलेली असते आणि आंबा, काजू, कोकमाची उरलेली कलमं बऱ्याचदा कमी भावात देतात. काजूत वेंगुर्ला-४ किंवा ७ मागा. कोकम कलमाचंच घ्या, कारण बियांच्या रोपांतली बरीचशी नर निघतात आणि ते कळायला काही वर्षं जातात. पिशवी फाडून तळाशी गोल फिरलेली मुळं धारदार चाकूने कापून टाका, सांध्याखालचे फुटवे काढा. मात्र या दिवसांत लावलेल्या कलमाला येणारा उन्हाळा जड जातो, तेव्हा आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन आणि नियमित पाणी हवंच. पाण्याची सोय नसेल तर कलमं मोठ्या पिशवीत बदलून सावलीत सांभाळा आणि जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की खड्ड्यात लावा.