आर्क्टिकला जायचंय? आधी ब्रीदर बघा

प्रश्न : अलास्कात लोकं सेस्ना १८५ सारखं एका इंजिनाचं विमान घेऊन बर्फात कुठंही जातात म्हणे. मोठे टायर, जादा टाकी याबद्दल भरपूर वाचलं, पण उणे ३० मध्ये विमानात नेमकं काय बदलावं लागतं?
- एक वाचक

उत्तर : टायरचं सगळेच विचारतात हो, ब्रीदरचं कुणी विचारत नाही. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी साधी नळी असते ती. कडक थंडीत तिच्या तोंडाशी ही वाफ गोठते, बूच बसतं, आत प्रेशर वाढत जातं आणि शेवटी प्रोपेलरच्या मागचं सील फुटून ऑइल बाहेर यायला लागतं, आणि ऑइल गेलं की इंजिन किती वेळ चालणार! उपाय अगदी फुटकळ आहे, नळीला वरच्या बाजूला, काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत जिथं ऊब असते तिथं एक छोटी खाच, म्हणजे तोंड बंद झालं तरी वाफेला वाट राहते. फक्त हे मेकॅनिककडूनच, मंजूर पद्धतीनं करून घ्यायचं, घरचं ड्रिल मशीन काढू नका.

दुसरं प्रीहीट, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन गरम करणं. इंजिनाची बाहेरची पेटी अ‍ॅल्युमिनियमची, आत फिरणारा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, स्टीलचा, थंडीत अ‍ॅल्युमिनियम जास्त आकसतं, त्यामुळे बेअरिंगमधली फट कमी होते, वर ऑइल गुळाच्या काकवीसारखं घट्ट, अशात स्टार्टर मारला की पहिल्या मिनिटातच इंजिनाची वाट लागते. नुसते सिलिंडर गरम करून भागत नाही, संप (खाली ऑइल साठतं ती टाकी) आणि ऑइल कूलरपर्यंत ऊब पोचायला हवी, त्याला वेळ लागतो. जुने पायलट तर रात्री ऑइल काढून शेकोटीजवळ ठेवायचे. आता इंजिनावर जाड कव्हर घालतात, बॅटरी मात्र अजूनही उचलून घरात उबेलाच नेतात.

पंखांनाही कव्हर लागतं. सँडपेपरइतकं खरखरीत दव गोठलेलं असलं तरी लिफ्ट (विमान वर उचलणारा जोर) ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि ड्रॅग (हवेचा विरोध) ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. 'थोडंसंच आहे, उडताना जाईल' असं म्हणायचं नाही. नाहीच जात ते.

हीटर बहुतेक एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या, उष्णतेवर चालतो, कुठं गळती असली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आत येतो, म्हणून त्याचा डिटेक्टर हवाच. कॅनडाच्या अगदी उत्तरेला चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही, तिथं दिशा ट्रू नॉर्थवरून, म्हणजे खऱ्या भौगोलिक उत्तरेवरून, धरतात.

सामानाचं म्हणाल तर अलास्कात कायदाच आहे, त्याच्या पूर्वीच्या यादीत प्रत्येकाला आठवडाभर पुरेल एवढं खाणं, कुऱ्हाड, काडेपेटी वगैरे, आणि १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल बर्फात चालायचे स्नोशूज आणि स्लीपिंग बॅगपण. माझं त्यात एक अ‍ॅडिशन, लायटर, चाकू आणि बीकन (मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) जॅकेटच्या खिशात ठेवा, मागच्या बॅगेत नको, कारण विमान पेटलं की बॅगही गेली.

आणि हो, टायर. ३१ इंची टायर उन्हाळ्यात नदीकाठच्या गोट्यांवर भारी, हिवाळ्यात तिथं स्की लावतात. रात्री थांबताना स्कीखाली फांद्या किंवा फळ्या टाका, नाहीतर सकाळी स्की बर्फाला चिकटून बसलेली असेल आणि इंजिन कितीही रेटलं तरी विमान जागचं हलणार नाही.