टोचणाऱ्या हातांची शंका

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या विलगीकरण कक्षात एमपॉक्सचे (पूर्वीचं नाव मंकीपॉक्स, अंगावर पुळ्या उठणारा विषाणूजन्य आजार) रुग्ण येऊ लागले, तशी कर्मचाऱ्यांसाठी लस आली. कक्षात आम्ही १४ जणी. नाव दिलं पाच जणींनी. मी दिलं नाही. रोज दुसऱ्यांना सुई टोचताना ‘काही होत नाही’ म्हणते आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मागे सरले, याची लाज वाटते. पण मनातली भीती जात नाही. आजार नवा, मग लस एवढ्या लवकर आली कुठून? पुढच्या वर्षी मूल व्हावं असं आम्हा दोघांना वाटतं, त्यात काही अडचण आली तर? ताप येऊन पडले तर ड्युटी कोण करणार? मेट्रनना विचारलं तर म्हणाल्या, “शिकलेल्या असून असं बोलता?”
— एक परिचारिका

उत्तर : सिस्टर, आधी ती लाज बाजूला ठेवा. लोकांना दुष्परिणाम बातमीत भेटतो, आपल्याला तो खाटेवर भेटतो. लस घेऊन ठणठणीत घरी गेलेली माणसं आपल्याला पुन्हा दिसत नाहीत. ज्याला चक्कर आली, ज्याच्या अंगावर गांधी उठल्या, तोच परत येतो आणि तोच लक्षात राहतो. तुम्ही घाबरलात यात शिक्षण कमी पडल्याचा काही संबंध नाही.

मीही मागे सरले होते. १९८५ साली मी नुकतीच डॉक्टर म्हणून कामाला लागले होते. कावीळ ब ची लस तेव्हा नवी होती आणि ती लागण झालेल्या रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून बनत असे. त्याच सुमाराला एड्सची धास्ती पसरली होती. डॉक्टरांच्या खोलीत आमच्यातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, “त्या लशीतून काय काय येतंय कोणास ठाऊक.” यादीत माझं नाव होतं, मी “पुढच्या खेपेला घेते” म्हणून टाळलं.

पाच-सहा आठवड्यांनी, रात्री दोनच्या सुमाराला, कावीळ झालेल्या एका रुग्णाचं रक्त काढलं आणि सुईवर टोपण परत चढवायला गेले. टोपण तिरकं बसलं आणि सुई त्याच्या कडेवरून घसरून डाव्या तर्जनीत गेली. हातमोज्याच्या आत रक्ताचा एक ठिपका पसरत गेला, तो आजही डोळ्यांपुढे आहे. नळाखाली बोट धरून किती वेळ उभी होते, आठवत नाही. सकाळी रुग्णाचा अहवाल आला : कावीळ ब, पॉझिटिव्ह. संरक्षण नसलेल्या माणसाला अशी सुई लागली तर लागणीची शक्यता ६ ते ३० टक्के असते. हा आकडा मी परीक्षेत लिहिला होता. आता तो माझ्या बोटाचा होता.

त्या संध्याकाळी सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांनी मला समोर बसवलं. रागावले नाहीत. कागद ओढला आणि रक्तद्रवावर कोणत्या प्रक्रिया होतात ते एकाखाली एक लिहिलं : पेप्सिन, मग युरिया, मग फॉर्मलिन. प्रत्येक पायरीला कोणते विषाणू मरतात ते सांगितलं. जेमतेम वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी मी पहिला डोस घेतला. पुढचे सहा महिने वारंवार रक्त तपासलं आणि रोज सकाळी आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. मी वाचले. पण ती वीस मिनिटं मला सुई लागण्याआधी कुणी दिली असती तर ते सहा महिने टळले असते, हे मी अजून विसरले नाही. म्हणून तुमच्या प्रश्नांची उत्तरं त्या कागदासारखी, पायरीपायरीने देते.

लस एवढ्या लवकर कुठून आली? लवकर आलेलीच नाही. आजारही वाटतो तेवढा नवा नाही. १९५८ मध्ये तो प्रयोगशाळेतल्या माकडांत सापडला आणि १९७० मध्ये काँगोत माणसात. नवा आहे तो त्याचा फैलाव, ज्यामुळे २०२२ आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. लशीचं मूळ तर देवीच्या लशीत आहे. तुर्कस्तानातल्या अंकारा इथल्या, देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या विषाणूचा एक वाण जर्मनीत अंतोन मायर यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर ५०० हून अधिक वेळा वाढवला. वाढवता वाढवता त्याच्या जनुकसंचाचा सुमारे १५ टक्के भाग गळून गेला आणि माणसाच्या पेशीत शिरलं तरी तिथे वाढण्याची त्याची ताकद गेली. १९७० च्या दशकात जर्मनीत एक लाखाहून अधिक लोकांना तो टोचला गेला. त्यावरून तयार केलेल्या आजच्या लशीला युरोपने देवीसाठी २०१३ मध्ये, अमेरिकेने देवी आणि एमपॉक्स दोन्हींसाठी २०१९ मध्ये मान्यता दिली. म्हणजे २०२२ ची साथ येण्याआधी लस तयार होती. देवीच्या जुन्या जिवंत लशीमुळे काहींच्या हृदयाच्या स्नायूंना सूज येत असे. तो धोका नको म्हणूनच न वाढणाऱ्या विषाणूची वाट धरली गेली.

तुमच्या कक्षातली एखादी २००९ च्या स्वाइन फ्लूची आठवण काढेल. तिला गप्प करू नका. त्या साथीतल्या एका लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांत व किशोरांत नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा विकार, वाढलेला दिसला. ते खरं आहे. ते २०१० मध्येच उघडकीला आलं, कारण लस दिल्यावरही नोंदी ठेवणारी माणसं होती. त्या लशीचा आणि या लशीचा घडण्याचा मार्ग मात्र वेगळा आहे.

मुलाबद्दल. हा विषाणू शरीरात वाढत नाही, म्हणून संपर्काचा धोका मोठा असेल तेव्हा गरोदरपणातही ही लस देता येते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट गरोदरपणात एमपॉक्स झाला तर तो बाळापर्यंत पोहोचू शकतो, गर्भपात होऊ शकतो. दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर असतं. पुढच्या वर्षीचा विचार असेल तर त्याआधी सहज पूर्ण होतील. तरी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी एकदा बोला. अंड्याची किंवा जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनची तीव्र ॲलर्जी असेल तर लस देणाऱ्याला आधी सांगा, कारण लशीत त्यांचा अगदी सूक्ष्म अंश राहतो.

दंड लाल होतो, दुखतो, टोचल्याजागी गाठ लागते. थकवा, डोकेदुखी, अंगदुखी एक-दोन दिवस. ताप त्यामानाने कमी जणांना येतो. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्या आणि एका पाळीतल्या सगळ्या जणी एकाच दिवशी घेऊ नका.

तुम्ही विलगीकरण कक्षात आहात, म्हणून माझं उत्तर ‘घ्या’ असं आहे. नोंदणीच्या टेबलावर असतात तर इतका आग्रह धरला नसता. संरक्षण एका डोसाने सुमारे ७६ आणि दोन डोसांनी सुमारे ८२ टक्के मिळतं. शंभर नाही, तेव्हा हातमोजे, मास्क, गाऊन तसेच राहणार. आणि एक कळकळीची गोष्ट : नमुना घेताना पुळी सुईने फोडू नका. २०२२ मध्ये नमुना घेतानाच सुई बोटाला लागून आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली, पहिली पुळी त्याच बोटावर उठली. पुळीवर स्वॅब जोर लावून फिरवला तरी नमुना पुरतो. तरीही टोचलंच तर लपवू नका; चार दिवसांच्या आत लस मिळाली तर आजार टाळायला मदत होते.

प्रश्न : मी मेट्रन आहे. लस न घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावं सूचना फलकावर लावा, असं वरून सांगण्यात आलं आहे. लावू का?
— एक वाचक

उत्तर : नका लावू, ताई. नाव फलकावर गेलं की शंका मनात राहते आणि तोंड बंद होतं. मग सुई टोचली तरी तुम्हाला कळवायला कुणी येणार नाही. त्यापेक्षा एकेकीला दार लावून दहा मिनिटं बसवा आणि आधी विचारा, “तुला नेमकी कशाची भीती वाटते?” उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगा आणि दोन दिवसांत शोधून आणा. स्वतःचा डोस घेतला असेल तर दंड कसा दुखला ते खरं सांगा, कमी करून सांगू नका. आणि लस घेतल्यावर अंग दुखलं म्हणून जी पहिली सिस्टर घरी राहील, तिचा तो दिवस किरकोळ रजेतून कापू नका. बाकीच्या सगळ्या जणींचं लक्ष तिच्या हजेरीपटाकडे असतं.