रेकॉर्ड्स जमवण्याचा छंद कुठे संपतो आणि साठेबाजी कुठे सुरू होते?

तुम्ही लिहिलंय की घरात हजारावर 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, लाखेच्या जुन्या) रेकॉर्ड्स आहेत, बायको त्याला साठेबाजी म्हणते, आणि गाणं शिकणाऱ्या एका मुलीने परवा त्यातल्या एकीची कॉपी मागितली तर तुम्ही टाळलंत. हजाराचं मला काही वाटलं नाही. ती मुलगी तशीच परत गेली, हे खटकलं.

आमच्या मिरजेत एक गाणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या आईची एकच रेकॉर्ड निघाली होती, दोन बाजूंना दोन नाट्यपदं. घरातली प्रत केव्हाच फुटलेली. जवळच्या गावातल्या एका संग्राहकाकडे ती आहे असं कळलं, तेव्हा मी बाईंना घेऊन गेलो. त्या गृहस्थांनी रेकॉर्ड काढली, बाईंनी लेबलावरच्या आईच्या नावावरून बोट फिरवलं, आणि रेकॉर्ड परत कव्हरात गेली. वाजवायची नाही, पिनेने झिजते म्हणे. पोलादी पिनेने झिजते हे खरंच. म्हणून तर मी हलक्या पिकअपचा, म्हणजे सुईचा भार कमी पडणारा प्लेअर, 78 ची जाड सुई लावून, सोबत नेला होता. तेव्हा खरं काय ते बाहेर आलं: “एकदा नक्कल निघाली की माझ्याकडे कोण येणार?”

बाई आईचा आवाज न ऐकताच वारल्या. पुढे ते गृहस्थही गेले. संग्रह पत्र्याखालच्या माळ्यावर आडवा रचून पडला, उन्हाने तबकड्या वाकल्या, वरच्या ओझ्याने खालच्या तडकल्या. लाखेचा माल, भंगारवाल्यानेही घेतला नाही.

कॉपी दिली की संग्रहाची किंमत जाते, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान रेकॉर्डसाठी गायल्या तेव्हापासून तीन मिनिटांत राग बसवून छापला, तो घरोघरी वाजावा म्हणूनच ना? मुंबईत 1990 मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली, संग्राहक एकत्र बसून ऐकू लागले, माहिती छापू लागले. त्यात कुणाचं काय गेलं?

बाकी, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती ठेवणं ही हाव नव्हे. एकीवर जिथे खरखर असते तिथे दुसरी स्वच्छ निघते. कॉपी द्या, मूळ रेकॉर्ड मात्र कुणाच्या हातात देऊ नका, परत येत नाही. कॉपी देण्याआधी हक्काचं बघा: प्रकाशनाला 60 वर्षं उलटली की ध्वनिमुद्रणावरचा हक्क संपतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो आधी बघा. आणि पुसायला स्पिरिट वापरू नका, लाख विरघळते.

वहिनींना जागेची अडचण असेल तर एक भिंत मागून घ्या आणि सगळ्या उभ्या लावा. त्या मुलीला या रविवारीच बोलवा. कॉपी करायचं यंत्र नसेल तर कळवा, मी माझं घेऊन येतो.