पाठ केलेली वाक्यं घरीच ठेवा

"कुठे जायचं असलं की आदल्या रात्रीच काय बोलायचं ते ठरवतो, आणि तिथे गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही," हे तुमचं वाचलं आणि दहा वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा राहिला. 'हसून बोला, लोकांत मिसळा' हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, ते सोडून देतो.

माझा घात केला तो या पाठांतरानेच. त्यात एका व्यक्तिमत्त्व विकास वर्गाने (नाव घेत नाही) भर घातली. संभाषण सुरू करायची वीस वाक्यं आरशासमोर घोकून घेतली. मग एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मी शेजारच्याला विचारलं, "काय, सध्या नवीन काय?" तो म्हणाला, "वडिलांना कालच आयसीयूत ठेवलंय." मी मनात पुढचं वाक्य जुळवत होतो. म्हणालो, "अरे वा, छान!" ओठांपाशी नेलेला कप त्याने तसाच खाली ठेवला. पुढचं वर्षभर मी एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. वर्गाच्या सरांना सांगितलं तर म्हणे आत्मविश्वास कमी पडतोय, पुढची बॅच करा. फी वेगळी, अर्थातच!

हे पाठांतर, मोबाईलमध्ये डोकं घालणं, कोपरा धरणं, याला मानसोपचारात 'सेफ्टी बिहेवियर' (भीतीपासून स्वतःला वाचवायच्या सवयी) म्हणतात, हे मला फार उशिरा एका समुपदेशकाकडून कळलं. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात हे आहे: आपण फजितीपासून वाचायला म्हणून जे करतो त्यानेच लक्ष स्वतःवर खिळतं आणि समोरचा ऐकूच येत नाही. माझं अगदी हेच झालं होतं.

माझ्यापुरता उपाय एकच ठरला. काहीही न ठरवता जायचं आणि समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातला एखादा शब्द धरून विचारायचं. पहिले काही वेळा फजिती होते, होऊ द्या. आणि लवकर पोचा. चारच माणसं असतात तेव्हा बोलणं सोपं जातं, भरलेल्या खोलीत शिरणं महाकठीण.

मी डॉक्टर नाही. छातीत धडधड होऊन तुम्ही कामंच टाळत असाल तर मानसशास्त्रज्ञाला गाठा, असल्या वर्गांना नको.

हो, त्या माणसाची मी दीड वर्षाने माफी मागितली. त्याला वाटलं होतं, गोंगाटात मला ऐकूच गेलं नसेल.